लाल झालेला शब्द

मंगळवार संध्याकाळ, बोळिंज

आज डी.एड.च्या सराव पाठाला तिसरीच्या वर्गात मोबाइलवरचं वाचनाचं ॲप वापरलं. मूल मोठ्याने वाचतं, चुकलेला शब्द लाल होतो. खाडीकडच्या गावातली मानसी उठली. ‘पाणी’ हा शब्द तिने घरी बोलतात तसा ‘पानी’ वाचला. लाल. पुन्हा ‘पानी’, पुन्हा लाल. मुलं हसायला लागली. आणि मी काय केलं? मीही म्हणाले, “नीट म्हण ना, पाणी!” ॲपला तिची बोली कुठून कळणार? पण मला तर कळत होती.

तिसऱ्यांदा तिने तोंडच उघडलं नाही.

शाळा सुटताना तिची आई फाटकाशी भेटली. “बाई, पोर बोलत का नाय? कोनी मारलं काय?”

“नाही हो,” म्हणून मी घाईने रिक्षात बसले. खरं सांगायची हिंमतच झाली नाही. तो लाल शब्द डोळ्यांपुढून हलत नाही. पुढच्या वर्षी माझा स्वतःचा वर्ग असेल. अशी किती मुलं गप्प करीन मी?

उद्या आधी सगळ्यांसमोर सांगायचं, मानसी चुकली नव्हती, मी चुकले. पण ती पुन्हा वाचायला उठेल का?