फुसका बार

१६ जुलै २००६, रविवार

— दूध तापवलं, मोटर लावून टाकी भरली, तुळशीला पाणी घातलं. मग पायरीवर बसून शेपू निवडायला घेतला. एवढंच. त्या सकाळी वेगळं काही नव्हतं. जाड काड्या डावीकडे टाकत होते आणि फोन वाजला. आफ्रिकेतून, इंद्रजीत भावजींचा. "वैनी, विक्रांतला द्या." मी म्हणाले, पोरगा आंघोळीला गेलाय, मला सांगा. "न्हाई, विक्रांतलाच द्या." तेव्हाच कळलं. निवडलेला शेपू तसाच राहिला. संध्याकाळी कोणीतरी उचलून टाकला.

वर्ष उलटून गेलं. आज मंडईत शेपू दिसला, आणला. निवडला, केला. विक्रांत म्हणाला, मीठ कमी आहे.

२३ जुलै, रविवार

श्रावण लागायच्या आत एक मटण व्हायलाच हवं — हे असताना तसं होतं, हे नसतानाही तसंच आहे. बैठक आमच्याच गच्चीवर. यांचे दोस्त इंद्रजीत भावजी आणि पोपट, आणि आता यांच्या खुर्चीत विक्रांत.

गच्चीवरून समोर काचेची इमारत दिसते. तिथे आमची ज्वारी असायची. आता विक्रांत तिथेच चौथ्या मजल्यावर काम करतो. जमिनी गेल्या, पैसे आले, आणि नदीकाठच्या झुडपांत ससे मारणारी तीन माणसं, हे आणि हे दोघं दोस्त, पासपोर्ट काढून विमानाने रानरेडे मारायला निघाली. इथे बंदी, तिथे परवाना मिळतो. "आपला नाद कायदेशीर झाला," हे म्हणाले होते. जगात इतक्या गोष्टी नव्याने खुल्या झाल्या, त्यातली आमच्या घरात ही शिरली.

खोटं कशाला लिहू, गोष्ट सांगावी तर या लोकांनीच. आज पोपटने स्वतःचाच फुसका बार सांगितला. यांच्यातली जुनी रीत आहे ती. नवा गडी पहिल्यांदा शिकारीला आला की त्याला ठासणीची बंदूक द्यायची, आत दारू आणि चिंधी, छर्रे नाहीत. तो जीव एकवटून नेम धरतो, धडाम् आवाज होतो, आणि ससा शांतपणे चालत निघून जातो. सगळे लोळून हसतात. मग त्याने कोंबडा द्यायचा आणि त्या दिवसापासून तो यांच्यातला. पुढे पहिलं डुक्कर असलं तरी पुन्हा तीच मस्करी. पोपटचा ससा म्हणे मागे वळून बघत होता. मी जिन्यात उभी होते, हातात भाकरी, मीही हसले.

मग इंद्रजीत भावजींनी यांची गोष्ट काढली. दर वेळी शेवटी तीच. मधेच थांबायचं, घोट घ्यायचा, समोरच्याला पुढे वाकायला लावायचं. गवतातून रेडा उठला, संभानं रायफल खांद्याला लावली, चाप ओढला — रायफल अडकली. पुन्हा ओढला. रेडा आला तो आलाच. "पण गडी हटला न्हाई! पाय रोवून हुभा. असा मर्द म्या बगितला न्हाई." गाईडने रेडा पाडला, पण उशीर झाला होता.

मागे ही गोष्ट ऐकली तेव्हा रेडा आमच्या घरापासून नदीइतका लांब होता. आज तो अंगणातल्या नळाशी आला.

विक्रांतचे डोळे भरले होते. भावजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दिवाळी झाली की तू चल. बापाचं राहिलंय ते पुरं करू."

२४ जुलै

तिकिटं काढलीत म्हणे. मला आज कळलं.

५ ऑगस्ट

शनिवार पेठेतल्या वाचनालयात गेले. दोन बस बदलाव्या लागतात. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं वाचन या वाचनालयाचं आणि वाण्याच्या पुड्यांचं. शिकारीची पुस्तकं मागितली. काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तिसरं कपाट. ती पुरुष नेतात आणि परत आणत नाहीत. काय उरलंय ते बघा."

दोन उरली होती. दोन्ही आणली.

११ ऑगस्ट

पुस्तकात लिहिलंय की जखमी रेडा पळून जात नाही. वळसा घेऊन आपल्याच वाटेवर परत येतो आणि गवतात उभा राहतो. मागावर येणाऱ्याची वाट बघतो.

दुसऱ्या पुस्तकात लिहिलंय की बंदूक चालली नाही तर माणूस आधी पळतो. बाजूला उडी मारतो, झाडामागे जातो. आणि हे तर सापाला बघून पलंगावर चढणारे! पाय रोवून का उभे राहिले?

मर्द होते म्हणून, असं भावजी म्हणतात. मी यांच्याबरोबर अठ्ठावीस वर्षं संसार केला. चांगले होते, हसरे होते. मर्द वगैरे नव्हते.

१२ ऑगस्ट

विक्रांतला म्हटलं, जाऊ नकोस. म्हणाला, "आई, प्लीज. पुन्हा सुरू करू नकोस." मी पहिल्यांदाच म्हणत होते.

१७ सप्टेंबर, रविवार

आज यांचं पित्राचं जेवण. खीर, वडे, आमटी, भोपळ्याची भाजी, गवार. यांच्या नावाचं पान इंद्रजीत भावजींना वाढलं. जवळचा माणूस म्हणून दीरच म्हणाले, त्यालाच बसवा. भावजींनी पोटभर जेवण केलं. खीर तीनदा घेतली. "संभाला लई आवडायची," म्हणाले. यांना खीर आवडत नव्हती.

जेवून भावजी आणि पोपट गच्चीवर गेले. विक्रांत खाली दिरांना सोडायला गेला होता. मी सुपारी घेऊन जिना चढत होते. वरच्या पायरीशी पोहोचले तेव्हा पोपटचं बोलणं कानावर आलं.

"रेड्याला इक्रांतचा पण फुसका बार काढायचा का रं?"

"गप ए," भावजी म्हणाले. "तितं न्हाई. परत तितं न्हाई."

मी सुपारीचं तबक पायरीवर ठेवलं. आवाज न करता.

पण. परत. एवढे दोन शब्द. तिथे रेड्याच्या शिकारीला आजवर हे तिघंच गेलेत. तिघांत इंद्रजीत आणि पोपट आधी एकदा जाऊन आले होते. नवा गडी एकच होता.

रायफल अडकली नव्हती. या दोघांनी तिच्यातली काडतुसं काढून ठेवली होती. गंमत. रेडा लांबून निघून जाईल, संभा नुसता चाप ओढत बसेल, आपण पोट धरून हसू, कोंबडा खाऊ. फक्त ससा निघून जातो तसा रेडा गेला नाही.

आणि हे हटले नाहीत, कारण हातात भरलेली रायफल आहे असं यांना वाटत होतं. दोस्तांनी भरून दिलेली.

तबक उचललं, वर गेले, सुपारी दिली. भावजी म्हणाले, "बसा की वैनी." मी म्हणाले, भांडी पडलीत.

१८ सप्टेंबर

भांडी घासली.

१९ सप्टेंबर

विक्रांत ऑफिसातून आला, त्याला समोर बसवलं आणि सांगितलं. वाटलं होतं चिडेल, खोटं म्हणेल. तो बूट काढत होता. एक काढला आणि दुसऱ्याची नाडी धरून तसाच थांबला.

"मला माहीत आहे," म्हणाला.

"कधीपासून?"

"बॉडी आणायला गेलो तेव्हापासून. गाईडने सांगितलं. त्यानेच रायफल उघडून बघितली होती."

मग तोच बोलत राहिला. त्यांनी मुद्दाम नाही केलं, आई. इट वॉज अ जोक. अ‍ॅक्सिडेंट झाला. काका किती रडले तिथे, तू बघितलं नाहीस. आणि बाबा असते ना, दुसऱ्या कोणाचं असं झालं असतं, तर तेही हसले असते.

हे शेवटचं खरं आहे, म्हणून जास्त लागलं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला ते कळलं नसतं. ते लोक कसे आहेत ते. एकमेकांसाठी जीव देतील."

दुसरा बूट काढून आत गेला. सव्वा वर्ष माझ्या हातचं जेवत होता आणि गच्चीवर बसून ती गोष्ट ऐकत होता. डोळ्यांत पाणी आणून! त्याला ती खोटी आहे हे माहीत असताना. माझा नवरा त्यांनी नेला असं मी धरून चालले होते. पोरगाही कधीच गेलाय.

२३ सप्टेंबर, घटस्थापना

घट बसवले. माती छान मिळाली.

२८ सप्टेंबर

इंद्रजीत भावजी येऊन गेले. खंडेनवमीची हत्यारांची पूजा दर वर्षी आमच्याकडे, सगळ्यांच्या बंदुका एकाच पाटावर. सोफ्यावर बसून, पाणी पिऊन, मान खाली घालून म्हणाले, "वैनी, राग नका मानू. औक्षण यंदा आमच्या मंडळींना करू द्या. पोरगं पहिल्यांदा निघालंय. तुम्ही आपलं..." पुढे हाताने दाखवलं, तुम्ही आपलं लांब. मी म्हणाले, बरोबर आहे.

जाताना म्हणाले, "तेवढी संभाची बंदूक पुसून ठेवा. तुमच्यासारखी कुणाला जमत न्हाई."

पुसायला मी चालते.

३० सप्टेंबर

माळ्यावरच्या कपाटातून यांची दुनळी बंदूक काढली. आता लायसन विक्रांतच्या नावावर आहे, पण कपाटाची किल्ली अजून माझ्या कमरेला. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला यांनी शिकवलं होतं, बंदूक कशी मोडायची, नळीतून चिंधी कशी ओढायची. चेष्टेत म्हणाले होते, "कधी आमच्यावर धरशील." तेल लावलं. पितळ चिंचेने घासलं. काडतुसांचा डबाही पुसला. पाट मांडला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी सगळे आले. पाटावर तीन बंदुका, झेंडूची फुलं. भावजींच्या मंडळींनी विक्रांतला ओवाळलं. मी स्वयंपाकघराच्या दारात. मग भावजींनी स्वतः हळदकुंकवात दोन्ही हातांची बोटं बुडवली, बंदुकांना लावली. तशाच ओल्या बोटांनी विक्रांतला जवळ घेतलं आणि उभ्या उभ्या गोष्ट सुरू केली. संभा, रेडा, रायफल अडकली. आज रेडा उंबऱ्यावर आला होता. "पण गडी हटला न्हाई—"

मी पुढे झाले, पाटावरून यांची बंदूक उचलली आणि भावजींच्या छातीवर धरली.

मी म्हणाले, "आता बघू कोण हटतं ते."

पोपट सोफ्यामागे गेला. बायका भिंतीला चिकटल्या. मी भावजींच्या डोळ्यांत बघत होते. पाय रोवायला त्यांना वेळ होता, बाजूला व्हायलाही होता. त्यांनी दोन्ही हातांनी विक्रांतला ओढलं आणि स्वतःच्या पुढे उभं केलं. त्याच्या पाठीमागे वाकले. माझ्या बंदुकीसमोर माझं पोरगं.

पंखा तेवढा चालू होता.

मग मी नळी खाली केली. म्हणाले, "घाबरू नका भावजी. फुसका बार आहे."

पोपटला आधी हसू फुटलं, मग बाकीच्यांना. सोफ्यामागून तो म्हणाला, "वैनी, लई भारी! कोंबडा लागला तुमचा!" भावजी शेवटी हसले. कपाळावर घाम, पायजमा मांडीशी ओला झाला होता. बसायला म्हणून खुर्ची शोधत होते. मंडळी त्यांना हाताला धरून घेऊन गेल्या. जेवायला कोणी थांबलं नाही. पुरण वाया गेलं.

विक्रांत हसला नाही. तो तिथेच उभा होता. नंतर शर्ट काढून माझ्यासमोर धरला. पांढऱ्या शर्टाच्या दोन्ही बाह्यांवर कुंकवाची बोटं उमटली होती, दाबून, पाचही.

"त्यांनी मला ओढलं, आई."

मी म्हणाले, डाग वाळायच्या आत भिजत टाक.

तो कॉम्प्युटरवर बसला. तिकीट रद्द करायला दोन मिनिटं लागतात म्हणे.

२ ऑक्टोबर, दसरा

विक्रांत उठायच्या आत बंदूक मोडली. दोन्ही नळ्यांतली काडतुसं काढून डब्यात परत ठेवली. मग त्याला उठवलं, आणि दोघं मिळून बंदूक चौकीत जमा करून आलो.