चिमीचा टाटा

उज्वलाताई,

इगतपुरीहून सातपूरला पोचलो. हे लगेच शिफ्टला गेले, खोलीत मी एकटीच. हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही दुखावलात तर चिमीला कोण बघेल?

आम्ही दोघं कंपनीत, म्हणून माझ्या लेकीला तुम्ही सांभाळता. धाकट्या जावेसाठी एवढं कोण करतं? पण दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला ती मला उटणं लावू देईना. घरभर पाहुणे, सगळे हसले. मीही हसले.

आज निघताना तिनं मला खुशाल टाटा केला. तुम्ही आम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला आलात, तेव्हा मात्र सासूबाईंच्या कडेवरून तिनं रडून गल्ली डोक्यावर घेतली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आईसाठी रडतेय म्हटलं.

रिक्षातून वळून पाहिलं. तुम्ही परत दारात पोचलात आणि ती गप्प झाली.

चिमीची आई,
मनाली