मेसेज तुझा, फोन माझा

महेश्वरी,

डेअरीला दूध घालून मी तसाच रानात जातो, जेवायला थांबू नको.

परवा तू शिलाईच्या पैशातून स्वतःच्या दहावीची फी भरलीस. बँकेचा मेसेज माझ्या फोनवर आला अन् मी तो आप्पांसमोर मोठ्यानं वाचून हसलो. नंतर आप्पा तुला लई बोलले, पण सुरुवात माझीच.

लग्नानंतर तुझं खातं उघडताना तुझ्याकडं फोन नव्हता म्हणून माझा नंबर दिला, तो तसाच राहिला. आता तुझा घालू. बँकेचा फॉर्म चहाच्या डब्याखाली ठेवलाय. सही तुझीच लागती.

धान्याच्या कणगीमागं तुझं गणिताचं पुस्तक दिसलं. उंदीर कुरतडतील म्हणून पिशवीत घातलं अन् परत तिथंच ठेवलं. कुणाला सांगितलं न्हाय.

गौरीशंकर