व्याही आणि आठवी पिढी

२ मार्च
वहीची माफी मागतो, बारा दिवस उशीर झाला. संशोधनात होतो. सूनबाईने गेमचा कन्सोल आणलाय, हातातही चालतो आणि टीव्हीलाही लागतो. कन्सोलच्याही पिढ्या मोजतात म्हणे, मग हा कितव्या पिढीचा? मी चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केलेत. सांगितलं, आठवी. बाकीच्या कंपन्यांचे नववीवाले त्याच्यानंतर तीन वर्षांनी आले. सूनबाईचे वडील, म्हणजे आमचे व्याही, दर शनिवारी माझ्याशी मोटारींची शर्यत खेळायला येतात. ते म्हणाले, नववी. याच कंपनीचा आधीचा कन्सोल आठवीत आहे, बाप-लेक एका पिढीत कसे? मी म्हटलं, नात्याचं काय घेऊन बसलात, माझा धाकटा काका माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. व्याही म्हणाले, तरी काकाच ना. ते गेल्यावर लक्षात आलं, हे माझ्या तोंडून काढून घेतलं. माणूस वरवर साधा आहे.

४ मार्च, सकाळी १०
इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात कोणीही दुरुस्ती करू शकतो म्हणे. तिथे लिहिलं होतं, ‘पिढीबद्दल वाद आहे.’ मी केलं, ‘आठवी. वाद मिटला.’ आठ सेकंदांत पुसलं. खाली सही: पहारेकरी.

५ मार्च
नऊ वेळा लिहिलं, नऊ वेळा पुसलं. दर वेळी तेच, ‘आपल्या योगदानाबद्दल आभार.’ इतक्या नम्रपणे अर्ज परत करणारा एकच माणूस मला माहीत आहे. व्याही तीस वर्षं कचेरीत हेच करत होते. संकल्प: चिडायचं नाही.

५ मार्च, दुपारी
व्याह्यांना मेसेज केला. शनिवारी येऊ नका.

६ मार्च
सूनबाई म्हणते, तिच्या पप्पांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. मी जन्मभर पडदे दुरुस्त केले, मला पडदा सांगते. पहारेकरी रात्री दीड वाजतासुद्धा पुसत होता. दवाखान्यात कॉम्प्युटर नेलेला दिसतो. बायकोला सांगितलं, तर ही म्हणाली, भेटून या. हीपण त्यांना सामील.

७ मार्च, शनिवार
शर्यत खेळलो. पहिला आलो. एकटाच होतो.

९ मार्च
पुरावा म्हणून सूनबाईला पहारेकऱ्याची तेवीस उत्तरं दाखवली. तिने चष्मा काढला.
“बाबा, हा माणूस नाही. आपोआप पुसणारा प्रोग्रॅम आहे. डोळ्याचा पडदा नीट बसावा म्हणून पप्पांना डॉक्टरांनी आठ दिवस पालथं झोपायला सांगितलंय. तुमचा मेसेज आईने त्यांना वाचून दाखवला.”
 
प्रोग्रॅमचा संशय मला पहिल्यापासून होता.

१० मार्च
चार फोन केले. चारही वेळा विहीणबाई म्हणाल्या, झोपलेत. अकरालाही आणि पाचलाही. संशयाला जागा आहे, पण घेत नाही. मेसेज लिहिला. विहीणबाई मोठ्याने वाचतील म्हणून दोनदा तपासला:
‘व्याही, चुकलो. कन्सोल तुम्ही म्हणाल त्या पिढीचा. शनिवारी तो घेऊन तिकडे येतो. दोन्ही गाड्या मीच चालवीन. कोण कुठे वळलं ते सांगत जाईन, तुम्ही पालथे पडून ऐका. तुमचीच गाडी पुढे ठेवीन. येऊ का, तेवढं लवकर कळवा.’