साडूची जिरवणारी गाडी

२ नोव्हेंबर, सातारा
मेहुण्याचा साखरपुडा उरकून सांगलीहून परत आलो. ठरलं. इंद्रजितची जिरवायची.

इंद्रजित माझा साडू, पल्लवीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सांगलीत गाड्या आतून सजवायचं दुकान आहे, तेवढ्यावर स्वतःला इंजिनिअर समजतो. भर पाहुण्यांत म्हणाला, की दाजींची गाडी लय सोयीची हाय, शेळ्या उतरवल्या की लगेच माणसं बसवता येत्यात. सासरे हसले. नवरदेव धनाजी हसला. पल्लवीनं तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. मी थोरला जावई आहे! हे विसरणार नाही.

४ नोव्हेंबर
प्लॅन तयार. धनाजी लग्नाला माझ्याच गाडीतून जाणार. आतून गाडी पूर्ण फायबरची, घरच्या घरी. तीन व्हिडिओ पाहिले, त्यातला एक शेवटपर्यंत. सोपं आहे. सांगाड्यावर कापड ताणायचं, त्यावर रेझिन, म्हणजे घट्ट होणारं चिकट रसायन, फासायचं, वर काचेच्या तंतूंची चटई, परत रेझिन. वाळलं की दगड. इंद्रजित याच्यावर बंगला बांधतोय.

सासऱ्यांना फोन करून गाडीचं सांगितलं. नानासो म्हणाले, बघू. म्हणजे हो.

७ नोव्हेंबर
पल्लवी म्हणाली, इंद्रजितभाऊंना दिलं असतं तर चार दिवसांत नीट करून दिलं असतं. मी जेवलो नाही. नंतर जेवलो, पण तिच्याशी बोललो नाही.

९ नोव्हेंबर
ताणायला लागतं ते कापड साताऱ्यात मिळेना. सांगलीत मिळतं, पण इंद्रजितच्याच दुकानात. मरेन, पण जाणार नाही.

मग डोकं चाललं. माणदेशातली घोंगडी! आमचं सगळं घराणं तिच्यावर वाढलं. ऊन, पाऊस, गारा सोसते, तिथं रेझिनची काय कथा? वडिलांची, आप्पांची घोंगडी ट्रंकेत होती. आप्पा शेतावर होते. विचारायला सापडले नाहीत. मी फार शोधलंही नाही.

१२ नोव्हेंबर
घोंगडी ताणत नाही. रेझिन मात्र म्हशीसारखी पिते. दोन डबे एका दारातच गेले. थंडीमुळे वाळेना, म्हणून ते घट्ट करणारा हार्डनर अंदाजानं दुप्पट घातला. डब्यातून धूर. शेजारच्या शालूबाई पाण्याची बादली घेऊन धावत आल्या. रासायनिक प्रक्रिया आहे, असं शांतपणे सांगितलं. मिशी थोडी जळली.

१८ नोव्हेंबर
दारं झाली. डावं मागचं आता उघडत नाही. सुरक्षेच्या दृष्टीनं उत्तमच.

२३ नोव्हेंबर
घासकाम. बातमी सांगलीला फुटू नये म्हणून सगळं गाडीतच, काचा लावून केलं. पांढरा भुगा सीटवर बसला. फडक्यानं झटकला. व्हिडिओत मास्क, हातमोजे, धुणं, वरून रेक्झिनचं कव्हर असलं बरंच होतं. ती दुकानदारी आहे.

अंगाला खाज सुटली. घोंगडीचीच असणार. आमच्या घरात ही खाज कुणाला नवी नाही.

२४ नोव्हेंबर
आप्पांना गाडीत बसवलं. घोंगडी ओळखली. तिच्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, खाजतंय व्हय, पर ऊबदार लय हाय. आयुष्य मेंढरांमागं गेलेल्या माणसाचा दाखला मिळाला, आता कुणाची भीती?

२९ नोव्हेंबर, सांगली
नानासोंना इंद्रजितची गाडी हवी होती. मी थोरल्या जावयाच्या मानाचा विषय काढला. पल्लवी चक्क माझ्या बाजूनं रडली. नानासो म्हणाले, न्या. उद्या इंद्रजितचं तोंड बघायचंय. झोप येणार नाही.

३० नोव्हेंबर, लग्न
धनाजी दिमाखात बसला. इंद्रजित मागच्या गाडीत! आज जन्माचं सार्थक झालं, असं गणपती मंदिरापर्यंत वाटलं.

तिथून धनाजी खाजवायला लागला. मंगलाष्टकांत अक्षता कमी आणि नखं जास्त. मान लाल, हात लाल. मुलीचे मामा तानाजीराव उठले. पोराला कातडीचा रोग हाय आन् तुमी लपवलासा, म्हणाले. भटजी थांबले. नवरी अंतरपाटामागं रडायला लागली. नानासो खुर्चीत बसले ते उठेनात. मी खांबामागं होतो.

इंद्रजित पुढं झाला. नवरदेवाच्या बाहीवर बोट फिरवलं, उजेडात धरलं. तानाजीरावांना म्हणाला, की रोग न्हाई, काचंचा भुगा हाय, गाडीचं काम माझ्याच दुकानात झालंय, घाई केली, चूक माझी. हात जोडले. धनाजीला गार पाण्यानं आंघोळ घातली, स्वतःचे कपडे दिले. लग्न लागलं.

म्हणजे बघा! महिनाभर मी राबलो आणि भर मांडवात यानं काम आपल्या नावावर करून घेतलं. किती नीच माणूस!

नानासोंनी त्याला मिठी मारली. पल्लवी परतीला त्याच्या गाडीत बसली. मागं वळून पाहिलं नाही. खांदेही हलत नव्हते.

२ डिसेंबर, सातारा
घरात कुणी बोलत नाही. आप्पा रात्री चादर घेऊन झोपतात.

सकाळी इंद्रजितचा फोन. खरं नवरीकडं कुणाला सांगितलं नाही, म्हणाला. दाजी, गाडी घेऊन या, सगळं काढून पहिल्यासारखी करून देतो. त्याला असं सुनवायचं, की पुन्हा फोन करणार नाही. शब्द ओठांवर तयार होते.

कधी आणू, असं विचारलं.