वर्षभरानंतर कसं असेल?

प्रिय व्हर्लिन,

बोटीचा फोटो पोचला. आपल्या नदीला गुडघाभर पाणी आणि तुला मोटारबोट! लुएलावहिनी म्हणाली ना, "बोट आणलीत, आता नदी कधी आणताय?" वाचून मी हसले. पण पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस, त्यानंतर हसू आलं नाही.

तू माझ्या कामाचं विचारलंस. दिवसभर अनोळखी घरांत फोन करायचा आणि छापील प्रश्न विचारायचे. वर्षभरानंतर तुमचं आजच्यापेक्षा बरं असेल, वाईट, की असंच? फ्रीज, टीव्ही अशा मोठ्या वस्तू घ्यायला हे दिवस चांगले आहेत का? बाबा म्हणाले होते, "चार वर्षं कॉलेज केलंस ते लोकांच्या घरात डोकावायला?" पण मला या कामाचा अभिमान आहे. शेजाऱ्याला जे सांगत नाहीत, ते लोक आम्हाला सांगतात, म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी लिहून देतो: ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, आणि आवाज ओळखीचा निघाला तर माफी मागून फोन ठेवायचा.

गेल्या मंगळवारी माझ्या यादीत आपल्या गावचे नंबर आले. नुसते नंबर, नावं नसतात. सगळं गाव खुशीत होतं. फ्रीजच्या कारखान्यात जादा पाळ्या चालल्यात, कुणी गाडी घेतंय, कुणी घराला खोली काढतंय. एकजण म्हणाला, "वाईट कशाला होईल, बाई? इंडियानात उन्हाळा यायचा थांबलाय का?"

सहावा फोन उचलला गेला आणि नुसत्या "हॅलो"वरून मी माणूस ओळखला. कोण ते विचारू नकोस. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर बसणारा आहे, एवढंच. मी तेव्हाच फोन ठेवायला हवा होता. ठेवला नाही. वर्षभरानंतर? "वाईट." कशामुळे? त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "पोरी, हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. जादा पाळ्या आहेत त्या गोदाम भरण्यापुरत्या. वसंतात दाराला कुलूप."

आवाजात आश्चर्य नको, दुःख नको, असं आम्हाला शिकवतात. मी पुढचा प्रश्न त्याच सुरात विचारला. मोठ्या वस्तू घ्यायला हे दिवस चांगले आहेत का? तो हसला. "गावात कुणालाही विचार. हो म्हणतील." 'वाईट'च्या चौकोनात मी खूण केली आणि आभार मानले.

व्हर्लिन, तू लिहिलंस की सोमवारी शाळेच्या बसची नोकरी सोडून कारखान्यात जातोयस, तिथे दीडपट पगार आहे म्हणून. नऊ वर्षं तू ती पिवळी बस चालवलीस, त्यातूनच माझी फी भरलीस. राजीनामा देऊ नकोस. एवढ्याचसाठी हे पत्र आहे. माझा शब्द मी मोडला, तो एका घरासाठी. गावातल्या बाकी घरांना मी पत्र लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. यादीत अजून अकरा नंबर उरलेत. उद्या सकाळी मी त्यांना फोन करीन, वर्षभरानंतर कसं असेल ते विचारीन, आणि ते "बरं" म्हणाले की आभार मानीन.

तुझीच,
नेल्डा