डावा पाय

१७ ऑगस्ट १९६६
आज पोलिओची अकरा मुलं. व्यायाम द्यायला मी एकटी. लीला लग्न होऊन गेली, जागा रिकामीच. डॉ.ना पुन्हा म्हटलं. ‘पुण्याला कळवलंय.’ कळवून कळवून पुण्याचे कान किटले असतील. माझी पाठ मात्र गेली.

२३ ऑगस्ट
शेवटी शक्कल लढवली. सगळ्या आयांना सतरंजीवर बसवलं, एका मुलाचा पाय धरून व्यायाम दाखवला. रोज घरी करा, महिन्याने या. डोंगरावरच्या वाडीची ठकूबाई सगळ्यांत पुढे. ‘वर, खाली, धा येळा,’ पुटपुटत होती. तिची काशी चार वर्षांची, उजवा पाय लुळा. माझं घड्याळ काही सोडेना. लाघवी पोर!

२६ सप्टेंबर
डॉ. खूश. ‘एकट्या बाई दोघींचं काम करतात.’ म्हणून दुसऱ्या जागेची मागणी तूर्त बाजूला. घ्या!
ठकूबाई आली नाही. ओढ्यांना पाणी असेल.

१४ ऑक्टोबर
ठकूबाई आली. काशी पाठीवर, पहाटेपासून चालत. ‘ताई, एक दिस खाडा न्हाई क्येला.’
करून दाखव म्हटलं. तिने डावा पाय धरला. चांगला.
‘अगं, हा का?’
‘तुमी डावाच धरलाता की. म्या म्हनलं, चांगल्यातलं बळ लुळ्यात उतरत आसंल.’
त्या दिवशी मी ज्या मुलावर दाखवलं, त्याचा डावा अधू होता. ज्याचा जो पाय अधू तो धरा, एवढं एक वाक्य मी बोलले नाही. घाईत. अकरा जणींना एकदम.
काशीचा उजवा गुडघ्यात आखडलाय. सरळ होत नाही. होईल की नाही, डॉ.ही बोलत नाहीत.
ठकूबाई शाबासकीची वाट बघत होती. मी दिली. देवा.

१५ ऑक्टोबर
दोघींना वॉर्डात ठेवून घेतलंय. सकाळी उजव्याला हात लावला तशी काशी किंचाळली. आता घड्याळ दाखवलं तरी तोंड फिरवते. ठकूबाई तिलाच दटावते, ‘उगी ऱ्हा, ताईंना ठावं आसतंय.’ मग मला, ‘डावा झाला, आता ह्यो व्हय?’
हो म्हटलं. चूक माझी, तिची नाही, हे सांगायचंय. पण सांगितलं तर तिचे ते सगळे दिवस...
दुपारी नव्या सात आया आल्या. मी गरम पाणी घेऊन येईतो ठकूबाई त्यांच्यात जाऊन बसलेली. समजावत होती, ‘आदी डावा. दोन म्हैने. मंग उजवा. खाडा करायचा न्हाई.’
सातही जणी माना डोलावत होत्या. मी बादली घेऊन दारातच उभी.